गोल वारा

मुलांनो, डोळे मिटा आणि समोर उन्हात तापलेलं शाळेचं मैदान आहे, असं समजा. अबोलीला ते तसंच माहीत होतं, कारण तिला जन्मापासून दिसत नव्हतं.

"वावटळ म्हणजे गोल फिरत वर चढणारा वारा," बाईंनी वर्गात सांगितलं, तेव्हा अबोली अडून बसली. "वारा मला रोज लागतो. पण गोल वारा कसा असतो?"

शेजारच्या यमुनाने तिच्या तळहातावर बोट गोल गोल फिरवलं.

"ही तर चकली झाली!" अबोली म्हणाली.

मधल्या सुट्टीत मैदानावर खरीच वावटळ उठली. "पळा, तिच्यात भूत असतं!" म्हणत पोरं व्हरांड्यात शिरली. यमुनाही भुताला फार घाबरायची. तरी तिने अबोलीचा हात पकडला आणि दोघी थेट त्या धुळीत धावल्या.

फ्रॉक फुगले, वेण्या उडाल्या, पाचोळा अंगावर आपटला आणि क्षणात सगळं शांत झालं.

"कळली गं!" तोंडातली माती थुंकत अबोली ओरडली. "तुला कशी दिसली?"

"मी डोळे उघडलेच नाहीत," यमुना पुटपुटली. "भूत गेलं का?"

"गेलं. आता हलू नकोस, मी दाखवते."

अबोलीने यमुनाच्या एका गालावर फुंकर घातली. मग तिचा खांदा धरून, चाचपडत मागे जाऊन मानेवर, मग दुसऱ्या गालावर. शेवटी टाचा उंचावून तिने यमुनाच्या कपाळावरचे केस वर उडवले.