पांढऱ्या दारावरचा पंजा

कालच शोरूममधून आणलेल्या पांढऱ्याशुभ्र गाडीवर सकाळी काळे डाग दिसले, तसा संध्याचा जीव खालीवर झाला. तिचे वडील पुंजाराम तर शोरूमवाल्यांशी भांडायलाच निघाले. तिने त्यांना गाडीत बसवलं अन् आधी मुबारकचं वॉशिंग सेंटर गाठलं.

"टायरला पॉलिश लावून वाळायच्या आत गाडी पळवली की चाकातून असे शिंतोडे उडतात, ताई," मुबारक म्हणाला. "आत्ता निघतील."

निघालेही. मग त्याचा हात दारापाशी थांबला. "पण हे चाकाचं काम न्हाई."

दारावर पाच बोटांसकट अख्खा पंजा उमटला होता.

इतका वेळ तावातावाने बोलणाऱ्या पुंजारामांनी उजवा हात हळूच खिशात घातला.

संध्याला कालची संध्याकाळ आठवली. बाजारातून आणलेल्या बैलाचे खूर बघावेत, तशी बाबांनी चारी चाकं दाबून बघितली होती, अन् शेवटी कौतुकाने दारावर थाप दिली होती.

"मुबारकभाई, तेवढं राहू द्या."

पुंजारामांचा हात झटकन खिशाबाहेर आला.

"मंग त्या बाजूला बी एक देऊ का? एकाच दारावर बरं न्हाई दिसत."