फळ्यावरची सूचना

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांना आधार द्यावा, म्हणून डोंबिवलीतल्या एका संस्थेने चौऱ्याण्णव साली दर शनिवारी दुपारी सभा सुरू केली. तिसऱ्या शनिवारीही खुर्च्या रिकाम्याच. "लोकांना आस्थाच नाही," म्हणत संस्थेच्या वर्तकबाई बोटं मोडत असताना मालन आली, दिव्याहून लोकलच्या गर्दीतून, सासूचा हात घट्ट धरून.

दाराजवळच्या फळ्यावर खडूने ठळक लिहिलं होतं : 'पेशंटला सोबत आणू नये'.

"अहो, वाचलं नाहीत का?" बाई म्हणाल्या. "यांना घरी कुणाजवळ तरी ठेवून यायचं."

"कुणाजवळ ते सांगा ना! ठेवायला कुणी असतं, तर मी इथवर तडफडत आले असते का?" मालनचा आवाज चढला. "म्हणे आस्था नाही! आस्थावाले सगळे आपापल्या माणसाला धरून घरी बसलेत, बाई!"

"नियम आहे तो."

सासूबाईंचं लक्ष फळ्याकडे गेलं. नातवाचं नावसुद्धा विसरल्या होत्या त्या, पण दिसेल ते पदराने पुसत सुटायची सवय काही सुटली नव्हती. उजव्या टोकापासून त्यांनी फळा पुसायला घेतला.

बाई धावल्या. मालन आडवी आली. एक शब्द पुसून होईपर्यंत तिने बाईंना हलू दिलं नाही. मग सासूचा हात हळूच धरला.

"बस्स, आई. एवढंच पुसायचं होतं."

 

फळ्यावर उरलं होतं : 'पेशंटला सोबत आणू'.