श्वासाला वाळ्याचा वास

शेवंताबाईने रोजच्यासारखा नवऱ्याच्या तोंडाजवळ चेहरा नेला आणि ती झटकन मागे सरली. एकनाथच्या श्वासाला वाळ्याचा वास येत होता.

फुटाण्याच्या भट्टीच्या धुराने एकनाथची छाती कायमची अधू झाली होती. दर हिवाळ्यात तिथे जंतू शिरायचे आणि तो मरता मरता वाचायचा. शेवटी डॉक्टरांनी त्याच्या फुप्फुसांत राखणदार जिवाणू सोडले. घातक जंतू आले, की ताप चढायच्या आधीच हे राखणदार वाळ्याचा वास सोडत. तेव्हापासून घरात वाळा आला नव्हता.

“गौतमी, गाडी बोलाव! यांना दवाखान्यात न्यायचंय!”

नुकतीच लग्न होऊन आलेली सून घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. “आई, आधी आबांना पाणी द्या. मघाशी त्यांना हे फार आवडलं होतं.”

शेवंताबाईने तांब्या हातात घेतला आणि हुंगला. “यात काय घातलंस?”

“माठात वाळ्याची जुडी टाकलीय. उन्हाळा लागला की आमच्याकडे टाकतात.”

शेवंताबाईने तांब्या पुन्हा एकदा हुंगला. मग तिने एकनाथला नळाच्या पाण्याने खळखळून गुळण्या करायला लावल्या आणि पुन्हा त्याचा श्वास हुंगला. कसलाच वास नव्हता.

रडवेली गौतमी जुडी काढायला निघाली.

“काढशील गं सावकाश,” एकनाथ हसला. “या वासाने मला नुसतं सलाईनच आठवायचं. पाण्याला तो किती छान लागतो, हे विसरलोच होतो.”

त्याने तांब्यासाठी हात पुढे केला, पण तो रिकामा झाला होता. शेवंताबाईने घटाघटा पिऊन टाकला होता.