सुधारणेला वाव

शंभर मीटर धावणारी ती सकाळीच निवड समितीच्या दाराबाहेर बाकावर येऊन बसली होती. तिच्यात अजून सुधारणेला वाव आहे, की तिला सराव शिबिरातून काढून टाकायचं, यावर आत खल चालला होता. एकाला तिचं वय खुपत होतं, दुसऱ्याला तिचं बाळंतपण. तिसरे साहेब अधूनमधून जागे होऊन दोघांच्याही बोलण्याला मान डोलवत होते.

दुपारी शिपायाने तिला आत बोलावलं, तेव्हा तिला धाप लागली होती.

"बघा, नुसतं बसूनसुद्धा दम लागतोय," दुसरे साहेब हळूच म्हणाले.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. कमी अंतराच्या शर्यतीत तुमचा वेग आता वाढायचा नाही, असं आमचं एकमत झालंय."

"बरं सर. पण बैठक लांबत चालली, म्हणून खाली मैदानावरची शंभर मीटरची खुली शर्यत तेवढी धावून आले. पहिली आले. इतकी चांगली वेळ मी आजवर कधी नोंदवली नव्हती."

मग अध्यक्ष शांतपणे चिटणिसांकडे वळले.

"ते एकमत खोडा. आणि लिहा, समितीने एवढा वेळ लावला, म्हणूनच यांची वेळ सुधारली."