बाहुलीच्या तोंडावरचं कापड

अमेरिकेतल्या, जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या आमिश लोकांच्या वस्तीत बाहुलीला चेहरा काढत नाहीत. हसू-रडू काय ते पोरांनी आपल्या मनाने लावायचं. डोकं मळलं, की जुन्या कापडावरच नवं शिवतात. लविनाच्या आजीने केलेल्या चिंध्यांच्या बाहुलीवर असे चार थर होते. सोमवारी, धुण्याच्या दिवशी, लविना पाचवा घालायला बसली.

"आई, नको ना," पाच वर्षांची व्हर्ना म्हणाली. "ती गुदमरते."

"गुदमरायला तोंड कुठंय तिला, वेडाबाई?"

"आहे. आत."

लविना हसली. शेवटचा टाका घालून तिने दोरा दाताने तोडला.

मंगळवारी नव्याकोऱ्या कापडावर, तोंड असतं त्या जागी, चेरीएवढा ओला डाग दिसला. "चाटतेस काय गं बाहुलीला?" म्हणत लविनाने पोरीला रागे भरलं आणि बाहुली उंच फळीवर ठेवली.

बुधवारीही डाग ओलाच होता. या वेळी लविना हसली नाही. तिने सहावा थर घातला, तोही दुहेरी.

गुरुवारी दुपारी व्हर्ना बापाबरोबर गोठ्यात गेली होती. लविनाने बाहुली खिडकीच्या उजेडात धरली. डाग परत आला होता. ती बघत असतानाच तिथलं कापड जरासं आत ओढलं गेलं, मग हळूच बाहेर फुगलं. पुन्हा आत.

नीट ऐकू यावं म्हणून लविनाने आपला श्वास रोखला.

कापडही थांबलं.

आता दोघी वाट बघत होत्या, आधी कोण श्वास घेतं याची.