ॲल्डिथचं नाव

पाद्र्यानं खड्ड्याच्या कडेला उभं राहून नाव घेतलं. “ॲल्डिथ, गॉड्रिकची बायको.” दफनभूमीच्या भिंतीपलीकडे चेटक्या उभा होता. त्यानं मान वर केली.

“काय नाव म्हणालात?”

सगळे वळले. हा टेकडीवरून खाली उतरला की लोक पोरांना घरात ओढून घेत. तो कुठून आला, कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, तो एका राजाचा जल्लाद होता. कुणी म्हणे, त्यालाच फासावर चढवलं होतं आणि दोर तुटला.

“ॲल्डिथ,” लोहार हॅमो म्हणाला. “तूच मारलीस ना? आता नावाची कसली चौकशी करतोस, थेरड्या?” त्यानं दोन दगड उचलले. एक गॉड्रिकच्या हातात दिला. बाकीच्यांनीही दगड उचलले. “पहिला तू मार. तुझा मान आहे.”

गॉड्रिकला वर बघवेना. चेटक्याच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून रक्त झिरपत होतं. परवा टेकडीवरच्या बुरुजात हा हात धड होता. गॉड्रिकनं स्वतः पाहिला होता.

बायकोला वाचव म्हणायला तो गेला, तेव्हा चेटक्यानं त्याला एकच गोष्ट विचारली होती. आजारी बाईचं नाव. आणि गॉड्रिकनं गावात सगळे करतात तेच केलं होतं. नाव चेटक्याच्या मुठीत गेलं की माणूस गेला, हे इथं पोर बोलायला लागलं की आधी शिकवतात. त्याला खरं नाव सांगायचं नाही. तोंडाला येईल ते सांगायचं.

“गॉड्रिक म्हणतात होय तुला,” चेटक्या म्हणाला. “मला वेगळंच सांगितलं होतंस. असो. एक जीव राखायचा तर मला एक बोट द्यावं लागतं. मी दिलं. कुणासाठी दिलं, तेवढं सांग.”

गप्प बसलं तर दगड पडणार होते. बोललं तर समोर खड्ड्यात ॲल्डिथ होती आणि खड्ड्याशी तिची आई.

“शेळीसाठी,” गॉड्रिक म्हणाला. “आमच्या शेळीचं नाव दिलं मी.”

कुणी हसलं नाही.

“म्हातारी आहे?”

“तेरा वर्षांची. महिनाभर पडून होती.”

“आणि आता?”

“काल सकाळी उठली. चरतेय.”

ॲल्डिथच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती दोन पावलं बाजूला सरकून उभी राहिली.

चेटक्यानं झग्यात लपवलेला डावा हात बाहेर काढला आणि भिंतीवर ठेवला. त्याला फक्त अंगठा आणि करंगळी होती.

“तुमच्या गावात माझा मंत्र कधीच का लागत नाही, याचा मला फार दिवस उलगडा होत नव्हता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

वारा पडला होता. पाद्री पुस्तकात बघत राहिला. बाकीच्यांनी हातातले दगड पाठीमागे नेले.

हॅमोनं आपला दगड हळूच खाली ठेवला. गेल्या हिवाळ्यात त्याची धाकटी मुलगी तापानं गेली होती.

“मी कुत्र्याचं नाव दिलं,” तो म्हणाला.