मासळीवरचा चहा

तळलेली सुरमई संपली, तरी खीर आली नाही. शीलाने शिऱ्याच्या वाट्या पुढे केल्या. पाण्यातला शिरा.

"खीर नाय केली?" आर्यनच्या आजीने, हौसाबाईंनी, विचारलं. "आर्यन-संचिताच्या लग्नाचं ठरवायला आलोय आमी."

"मासे केलेत ना, आजी. वर दूध नको. अंगावर डाग—"

शीला थांबली.

डाग संचिताच्या कोपराखाली होता. पांढरा, रुपयाएवढा. शीलाने सकाळी लांब बाहीचा ड्रेस इस्त्री करून लेकीच्या पलंगावर ठेवला होता. लेकीने तो घडी घालून परत कपाटात ठेवला. आणि ज्यांचं तिच्या हाताकडे लक्षही गेलं नव्हतं, त्यांना आता आईनेच दाखवून दिलं होतं.

"मम्मी, डॉक्टर सांगून दमले," संचिता म्हणाली. "मासे-दुधाने काही होत नाही."

आर्यनने ताटातला काटा उगाच बाजूला सारला.

हौसाबाईंनी डाव्या हाताने संचिताचा हात धरला. उजेडाकडे वळवला. नीट बघितला. शीला हाताकडे बघत नव्हती, म्हातारीच्या तोंडाकडे बघत होती.

हात खाली ठेवला.

"शीला, चहा टाक."

"कोरा?"

"कोरा कशाला गो? दूध घाल चांगलं. मासळीवर चहा नसला की माझं पोट बिघडतं."

साखरेचं कपाट. दाराला आतून कागद, शीलाच्याच अक्षरातला:

फणस, दूध – नको
मुळा, दूध – नको
मासे, दूध – नको नको नको

संचिता पोटात असताना, सातव्या महिन्यात, बांगडा खाऊन वर पेलाभर दूध प्यायली होती ती. एकदाच. तो पेला ती चोवीस वर्षं विसळत होती.

पाणी. साखर. पावडर. हात अडला.

दूध.

चहा आला. हौसाबाईंनी अर्धा बशीत ओतला, पण बशी तोंडाला लावली नाही. शीलालाही त्यांनी हट्टाने आपल्या शेजारीच जेवायला बसवलं होतं. तिच्या उष्ट्या ताटाशी, सुरमईच्या काट्यांजवळ, बशी सरकवली.

"घे. निवायच्या आत तारीख काढू."

शीलाने बशी उचलली. बोटांना अजून सुरमईचा वास होता.